आधी कोण उतरणार?

माझ्या फोनमध्ये ४३ सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. तो मी कुठे टाकलेला नाही आणि डिलीटही केलेला नाही. मध्ये फोन बदलला, तेव्हा बाकीच्या हजारो फोटोंबरोबर तोही नव्या फोनमध्ये आला.

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, आमच्या बिल्डिंगशेजारच्या प्लॉटवर पाया खणायचं काम चालू होतं. मी घरून काम करत होतो. दिवसभर कानात मीटिंग आणि मीटिंगच्या मागे पोकलेन. एप्रिलमधल्या एका दुपारी तो आवाज एकदम थांबला. शेजारी बांधकाम चालू असलेल्या कुणालाही विचारा, आवाज थांबला की माणूस खिडकीशी जातो. खाली खड्ड्याच्या एका कोपऱ्यात सगळे कामगार गोळा झाले होते. मी मीटिंग म्यूट केली, चपला घातल्या आणि खाली गेलो.

पोकलेनच्या बादलीने मुरूम ओढताना एक मोठी घडीव लादी सरकली होती. लादीखाली तोंड होतं, माणूस वाकून आत जाईल एवढं. कडेला दगडाची बांधणी, पायऱ्यांसारखे दोन दगड, आणि त्यापुढे सरळ खाली गेलेला अंधार. माझ्या फोनचा टॉर्च त्याच्या तळाशी पोचत नव्हता.

"भुयार!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि झालं.

अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसासमोर हा एक शब्द उच्चारला की पुढचं सगळं आपोआप होतं. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इ.स. १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. तिथला गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. त्या मंदिरापाशी पांडवांचं एक लांबलचक भुयार होतं आणि ते आता बुजलंय, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. असं भुयार महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गडाला असतं. ते दुसऱ्या कुठल्यातरी गडावर निघतं. त्यात पूर्वी कुणीतरी एक शेळी सोडलेली असते आणि ती चार कोसांवरच्या गावात बाहेर आलेली असते. सांगणाऱ्याने स्वतः भुयार पाहिलेलं नसतं, शेळीही पाहिलेली नसते. पण गोष्टीत पहिली आत जाणारी ती शेळीच असते, सांगणारा कधीच नसतो. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

मुकादमाने आजूबाजूला पाहिलं आणि टोळीतल्या सगळ्यात बारक्या पोराला हाक मारली. "ए, उतर बघू जरा. काय आहे बघ आत." पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. पायात स्लीपर. त्याने त्या तोंडाकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हणजे तोवर जमलेले शेजारपाजारचे. चार-पाच जणांच्या हातात फोन होते. त्याने काही न बोलता दोर कमरेला बांधायला घेतला.

टोळीत एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांचं अर्धं आयुष्य मराठवाड्यात विहिरी खोदण्यात गेलेलं, हे मला नंतर कळलं. ते उठून आले आणि त्यांनी पोराच्या हातातला दोर काढून घेतला. कुठूनतरी पत्र्याचा एक डबा आणला, त्यात तेलवात पेटवली, डब्याला सुतळी बांधली आणि डबा हळूहळू आत सोडला. सात-आठ फुटांवर ज्योत आखडली, लाल झाली आणि विझली. डबा वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच विझली.

"आज न्हाई," मामा म्हणाले.

मुकादम चिडला. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाला. मामांनी वाद घातला नाही. तोंडावर दोन फळ्या आडव्या टाकल्या आणि त्यांच्यावरच बसून तंबाखू मळायला घेतली.

माझा व्हिडिओ पोरगा दोर हातात घेतो तिथे सुरू होतो आणि मामा तो काढून घेतात तिथे संपतो. त्यात २६ व्या सेकंदाला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एक आवाज ऐकू येतो: "अरे जा ना, काय होतंय!"

तो आवाज माझा आहे.

*

त्या रात्री मी वाचत बसलो. प्रश्न पडला की आधी माहिती गोळा करायची, ही माझ्या पेशाची सवय. त्यात विचार करणं थोडं पुढे ढकलता येतं, हाही एक फायदा.

आपण श्वासात घेतो त्या हवेत साधारण २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. बंदिस्त जागेत काम करण्याचे नियम १९.५ टक्क्यांखालची हवा धोक्याची मानतात. दिव्याची ज्योत मात्र १६ टक्क्यांच्या आसपास विझते. म्हणजे ज्योत विझते तेव्हा हवेने धोक्याची रेषा कधीच ओलांडलेली असते. वर्षानुवर्षं झाकलेल्या जागेत पालापाचोळा, मुळं, लाकूड कुजत राहतं. त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. जुन्या विहिरीत उतरलेला माणूस काठावरच्यांशी बोलता बोलता कोसळतो तो यामुळे. मग त्याला काढायला भाऊ उतरतो, भावामागे शेजारी. गावोगावच्या बातम्यांत एकाच विहिरीतून तीन-तीन मृतदेह निघतात ते असे.

दिवा पेटता राहिला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारेल इतका असला तरी ज्योत शांत जळत राहू शकते. मिथेन असेल तर तीच ज्योत स्फोट घडवेल. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वायू गेला. म्हणून आज हे काम चार गोष्टी मोजणाऱ्या मीटरने करतात: ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेट घेणारे वायू. मीटर दोरीने आधी आत सोडायचा, वर, मध्ये आणि तळाशी वेगवेगळं मोजायचं, पंख्याने हवा खेळवायची, पुन्हा मोजायचं.

दुसरी भीती छताची. नव्याने उघडलेल्या तोंडाभोवतीची माती आणि दगड कालपर्यंत एकमेकांच्या आधाराने उभे असतात. आपण त्यातला एक काढलेला असतो. म्हणून गुहा उघडणारे लोक आधी बाजूला उभं राहून पहारीने कडा ठोकून पाहतात. दगड ठणठणीत वाजला तर बरा, भदभद वाजला तर सुटलेला. सुटलेले दगड वरून खाली काढत यायचं, माती कडेपासून लांब टाकायची, गरज पडली तर लाकडाचा आधार द्यायचा, आणि मगच डोकं आत घालायचं. हेल्मेट घालायचं, दिवे तीन न्यायचे, कारण एक बिघडतो आणि एक पडतो. बाहेर एक माणूस असा हवा की ज्याला आपण किती वाजता परत येणार हे ठाऊक आहे. पावसात जायचंच नाही.

आपल्याकडे दगड पोखरणाऱ्यांना हे दोन हजार वर्षांपूर्वीही कळत होतं. बदलापूरहून लोकलने कर्जतला गेलात तर राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी आहेत. तिथे चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक ब्राह्मी लेख आहे. कान्ह नावाच्या माणसाचा शिष्य बालक याने हे केलं, असं तो सांगतो. अशी लेणी कोरताना काम छतापासून सुरू करून खाली आणत. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलं, त्यामुळे तिथे ही रीत उघड दिसते. या रीतीत पाड बांधावा लागत नाही, कारीगर कायम भक्कम दगडावर उभा असतो, आणि डोक्यावरचं छत सगळ्यात आधी घडवून, ठोकून, पारखून झालेलं असतं.

हे सगळं वाचून मला बरं वाटायला हवं होतं. माझी चूक म्हणजे माहितीची कमतरता होती, आणि ती आता भरून निघाली होती. पुढच्या वेळी मीटर आणू.

पण बरं वाटलं नाही. कारण मीटर असता आणि हवा चांगली निघाली असती, तरी २६ व्या सेकंदाचं ते वाक्य बरोबर ठरत नव्हतं.

*

समजा, आत हवा उत्तम होती. पोरगा उतरला, दोन मिनिटांत हसत वर आला, म्हणाला, काय नाय, नुसती माती. मग माझं "जा ना, काय होतंय" निरुपद्रवी ठरलं असतं का?

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी नेमक्या याच अडचणीवर लिहिलं. तिला ते नैतिक नशीब म्हणतात. दोन ड्रायव्हर सारख्याच बेफिकिरीने गाडी चालवतात. एकासमोर मूल येतं, दुसऱ्यासमोर येत नाही. आपण पहिल्याला गुन्हेगार म्हणतो आणि दुसऱ्याला विसरून जातो. पण दोघांच्या हातून झालं ते सारखंच. फरक फक्त रस्त्यावर कोण आलं याचा.

आमच्या धंद्यात हे लवकर शिकवतात. शुक्रवारी संध्याकाळी न तपासलेला कोड प्रॉडक्शनवर टाकला आणि काही बिघडलं नाही, तर तो निर्णय चांगला होता असं कुणी शहाणा लीड म्हणत नाही. वाचलास, म्हणतो. निर्णयाचा दर्जा निकालावरून ठरत नाही, निर्णय घेताना काय माहीत होतं आणि कुणाचं काय पणाला लावलं यावरून ठरतो. माझ्या निर्णयात मला काहीच माहीत नव्हतं आणि माझं काहीच पणाला लागलेलं नव्हतं.

त्या खड्ड्याभोवती दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या: आत काय आहे हे पाहायची इच्छा आणि आत जाण्याची जोखीम. पहिली सगळी माझ्याकडे होती. दुसरी सगळी त्या पोराकडे. त्याला आत काय आहे यात रस होता की नाही, हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला नाही म्हणता येत नव्हतं. मुकादम रोजचे पैसे देणारा, आम्ही बघे, हातात फोन. नाही म्हटलं असतं तर भित्रा ठरला असता, कदाचित उद्याचं कामही गेलं असतं. त्याने आमच्याकडे पाहिलं तेव्हा तो परवानगी मागत नव्हता. कुणीतरी आपल्या वतीने नको म्हणेल का, हे पाहत होता, असं मला आता वाटतं. आणि त्याला उत्तर मिळालं ते माझं.

आता माझं मत असं झालंय की एखादी बंद जागा सुरक्षितपणे उघडणं म्हणजे काय, याची सुरुवात मीटरपासून होत नाही. जो आत जाणार आहे त्याला नाही म्हणता येतं का, इथून होते. तो नाही म्हणू शकत असेल तरच त्याचं हो हे खरं हो. त्याआधीचं सगळं हो म्हणजे गोष्टीतल्या शेळीचं हो.

*

जमिनीखालच्या शोधांच्या गोष्टी या नजरेने वाचल्या की वेगळ्या दिसतात.

अजिंठ्याची आपण शाळेत शिकलेली गोष्ट अशी: २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वाघाच्या शिकारीला गेला असताना लेणी शोधली. लेणी स्थानिकांना आधीच ठाऊक होती, आणि त्याला तिथवर नेणारा एक गुराखी मुलगा होता, असं सांगतात. स्मिथने १० व्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरली. ते नाव आज आपल्या डोळ्यांच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात सुमारे पाच फूट राडारोडा साचला होता आणि साहेब त्याच्यावर उभा होता. वाट दाखवणाऱ्या मुलाचं नाव कुठेच कोरलेलं नाही.

दुसरी गोष्ट अलीकडची. मे २०२१ मध्ये नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या डोंगरावर पावसाळ्याआधी पाणी वाहून जाण्याची चर साफ करण्याचं काम चाललं होतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या त्या कामात एका कामगाराला झाडोऱ्याआड आणि मातीआड गेलेल्या लेण्यांची चाहूल लागली. या डोंगरावरची लेणी १८२३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवली होती. जवळजवळ दोनशे वर्षं अभ्यासक, पर्यटक, भाविक तिथे जात होते. त्यांना न दिसलेलं चर साफ करणाऱ्याला दिसलं. यात चमत्कार नाही. जमिनीत काय आहे ते बहुतेक वेळा त्यालाच आधी दिसतं, जो तिथे आधीपासून हात घालून बसलेला असतो. अशा माणसाला आपण "काय दिसतंय?" असं विचारायला जाऊ शकतो. "जा आत" असं सांगायला जाणं ही निराळी गोष्ट.

आणि तिसरी गोष्ट तर आपल्या रस्त्याखालचीच आहे. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ माणसं अजून उतरवली जातात. तिथेही वायू तेच, टक्केवारी तीच. झाकण उघडून उभे असलेले लोक आणि आत जाणारा माणूस यांची वाटणीही तीच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सगळेच नाही म्हणू लागले तर जगात काहीच उघडणार नाही. १२ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या दिवशी, उत्तराखंडमध्ये सिलक्यारा बोगदा कोसळून ४१ कामगार आत अडकले. अमेरिकी बनावटीचं ऑगर यंत्र शेवटच्या टप्प्यात तुटलं. उरलेले दहा-बारा मीटर अंतर साधारण ८०० मिलिमीटर रुंदीच्या पाइपमध्ये सरपटत जाऊन, हाताने खोदून पार केलं ते रॅट-होल मायनर म्हणवणाऱ्या कामगारांनी. कोळशासाठी अशा उंदराच्या बिळासारख्या खाणी खोदण्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये बंदी घातलेली होती. २८ नोव्हेंबरला सगळे ४१ जण जिवंत बाहेर आले. ते कामगार नाही म्हणाले असते तर?

मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, सिलक्यारा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. ते लोक पाइपच्या आत हाताने खोदण्यात मुरलेले होते, आपण कशात शिरतोय हे तिथल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं, आणि आत ४१ जीव होते. त्यांनी धोका ओळखून, मोजून घेतला. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत मुलांपर्यंत जाणाऱ्या वाटेवर हवेच्या टाक्या पोचवताना समन कुनान हा माजी नौदल पाणबुड्या मरण पावला. तो स्वयंसेवक म्हणून गेला होता. त्याच्या मरणाचं दुःख आहे, पण कुणी त्याला ढकललं नव्हतं. जोखीम घेणं आणि जोखीम अंगावर ढकललं जाणं यांत बाहेरून काही फरक दिसत नाही. दोन्हीकडे एक माणूस दोर बांधून खाली जातो. फरक आधीच्या एका मिनिटात असतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात हे एक मिनिट नियम म्हणून लिहून ठेवलंय. जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाटण्यास रास्त कारण असेल, तर काम सोडून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याबद्दल त्रास होता कामा नये. कागदावर हे एक वाक्य आहे. हेंद्रेपाड्यातल्या खड्ड्यात ते वाक्य म्हणजे फळीवर बसून तंबाखू मळणारा एक म्हातारा होता.

*

नाही म्हणायची गरज फक्त माणसाला असते असंही नाही. कधीकधी जागेच्या वतीनेही कुणीतरी ते म्हणावं लागतं.

फ्रान्समधली लास्को गुहा सप्टेंबर १९४० मध्ये काही किशोरवयीन मुलांना सापडली. हजारो वर्षांपूर्वीची जनावरांची चित्रं तिच्या भिंतींवर होती. १९४८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. दिवसाला हजार-बाराशे माणसं येऊ लागली, आणि त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओल, उष्णता, वर दिव्यांचा उजेड, यांनी भिंतींवर शेवाळ धरलं. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. ज्या वायूने आमच्या खड्ड्यातली ज्योत विझवली, तोच आपण तिथे रोज नेऊन सोडत होतो.

त्याच देशात १८ डिसेंबर १९९४ ला तीन गुहाप्रेमींना एका दगडी फटीतून येणारी हवेची झुळूक लागली. झुळूक म्हणजे पलीकडे मोठी पोकळी. दगड काढून ते स्वतः आत सरपटले आणि त्यांना शोव्हे गुहेतली चित्रं दिसली, सुमारे ३६,००० वर्षं जुनी. इतकं सापडल्यावर माणूस काय करेल? मी काय केलं असतं ते माझा व्हिडिओ सांगतोच. त्यांनी आपण चाललो तेवढ्याच वाटेवर प्लास्टिक अंथरलं, म्हणजे जमिनीवरच्या जुन्या खुणा मोडू नयेत, आणि आत जायची वाट पुन्हा लपवून सरकारला कळवलं. ती गुहा लोकांसाठी कधीच उघडली गेली नाही. २०१५ मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती उभारली, बघायचं असेल त्यांनी ती बघावी. शास्त्रज्ञ मात्र खऱ्या गुहेत मोजक्या दिवसांत, ठरलेल्या वाटेवरून जात राहिले.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांचं नाही म्हणजे शेवट नव्हता. त्या नाहीच्या पाठोपाठ काम सुरू झालं: मोजणं, नोंदणं, राखणं. मामांनीही नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, आज नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसचं लॉगिन करायच्या आधी खाली गेलो. फळ्या तशाच होत्या. मामा शेजारी बसून चहा पीत होते. मी विचारलं, "मामा, आज नाही म्हणजे मग कधी?"

"दोन दिस उघडं ठिवायचं," ते म्हणाले. "डहाळ्यांची मोळी दोराला बांधायची, खालीवर करायची. हवा हलती त्यानं. वरून पाणी मारायचं. मग दिवा. दिवा तळाला ऱ्हायला, तर मी उतरनार."

"तुम्ही? त्या पोराला नाही पाठवणार?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी बावळटासारखं बोललोय. "त्याला वर ठिवायचा. दोर धरायला जवान मानूस लागतो."

आत काय असेल, विचारलं. जुनी बारव असंल नाहीतर पेव असंल, म्हणाले, धान्य ठेवायचं. भुयाराचं नाव त्यांनी काढलं नाही. बिनातपासता पोराला उतरवू दिलं नाही म्हणून काल मुकादमाने काही ऐकवलं का, असंही मी विचारलं. अर्धा रोज कापला, एवढंच म्हणाले, आणि चहाचा कप विसळायला उठले.

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल. ती व्हिडिओत नाही.

मला त्या दोन दिवसांत पुष्कळ काही करता आलं असतं. तहसील कार्यालयात कळवता आलं असतं. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला चार ओळींचा मेल आणि फोटो पाठवता आला असता. अग्निशमन दलाकडे हवा मोजायला काही आहे का, हे विचारता आलं असतं. मामांचा कापलेला अर्धा रोज भरून देता आला असता. यातलं मी काहीच केलं नाही. बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक काका म्हणाले की काम अडकलं तर खोदलेला रस्ता आणखी वर्षभर तसाच राहील, आणि मी त्याला अंगठा दाखवला. शिवाय काम थांबलं तर मजुरांचा रोजही थांबला असता. हे खरं आहे, पण त्या दिवशी मला ते कारण म्हणून सोयीचंही होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोकलेनच्या आवाजाने जाग आली. खिडकीतून पाहिलं तर तोंड डबर आणि मुरूम टाकून बुजवलेलं होतं. दुपारपर्यंत त्यावर रोलर फिरला. मामा आणि ते पोरगं दुसऱ्या साइटवर गेले, असं वॉचमन म्हणाला.

तेव्हापासून मला वाटतं की निव्वळ घाई आणि निव्वळ गप्प बसणं ही एकाच माणसाची दोन रूपं आहेत. पहिल्या दिवशी मला जोखीम न घेता पाहायचं होतं. तिसऱ्या दिवशी त्रास न घेता विसरायचं होतं. दोन्ही वेळा किंमत दुसऱ्याने द्यायची होती. मामांच्या वाटेत मात्र दोन दिवसांची मेहनत होती, अर्ध्या रोजाचं नुकसान होतं, आणि शेवटी स्वतः उतरणं होतं. जागा उघडणं आणि जागा बुजवणं यांच्या मधली ती वाट होती. तिला वेळ आणि माणसं लागतात. माझ्याकडे दोन्ही होतं.

आज तिथे सात मजली इमारत आहे. त्या जागी बहुधा पार्किंगचा चौथा किंवा पाचवा खांब आला. खाली बारव होती की पेव, की अजून काही, हे आता कुणाला कळणार नाही. पण कधीतरी, शेजारच्या बिल्डिंगमधली मुलं मोठी होतील आणि एकमेकांना सांगतील की आपल्या पार्किंगखाली एक भुयार आहे. त्यात एकदा कुणीतरी एका माणसाला सोडलं होतं. मी तेव्हा तिथे असलो तर त्यांना सांगेन की नाही सोडलं, एकाने सोडू दिलं नाही.

आणि बाकीचे काय करत होते, असं त्यांनी विचारलं तर तो व्हिडिओ दाखवावा लागेल. दोर धरायला जवान माणूस लागतो, असं मामा म्हणाले होते. मी तेव्हा २६ वर्षांचा होतो, आणि दोरापासून चार पावलांवर उभा होतो.